गोठ्याच्या दारातला उजेड: गावातल्या रोजच्या दृश्यांचे फोटो काढायला शिकताना

गावी सुट्टीला आलेले पाहुणे फोटो काढतात ते धबधब्याचे, डोंगराचे, देवळाच्या शिखराचे. घरामागं गोठ्यात म्हशीची धार निघत असते, मातीच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या असतात, परड्यात एखादी आक्का घेवड्याच्या शेंगा सोलत बसलेली असते. तिकडं कॅमेरा वळत नाही. गावातच राहणाऱ्यांचंही तसंच होतं. जे रोज समोर असतं ते बघायचं आपण सोडून दिलेलं असतं.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आधी मोबाइलवर आणि मग एका जुन्या कॅमेऱ्यावर मी इथलेच फोटो काढत आलो. त्यातून जे हाती लागलं ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमानं सांगतो. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: नव्या जागा शोधत हिंडू नका, ओळखीच्या एका जागेवर परत परत जा.

आधी हातातलं साधन

मोबाइल पुरतो. मात्र मागच्या कॅमेऱ्याची काच पुसल्याशिवाय एकही फोटो काढू नका. खिशातली धूळ आणि बोटांचं तेल काचेवर बसलं की उन्हाच्या दिशेनं काढलेला प्रत्येक फोटो धुरकट येतो, आणि आपण बिचाऱ्या मोबाइलला दोष देतो. चष्म्याचं मऊ फडकं जवळ ठेवा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेघा चालू करा, फ्लॅश कायमचा बंद करा. दोन बोटांनी झूम ताणण्यापेक्षा चालत पुढं जा. ०.५ लिहिलेली रुंद लेन्स डोंगरासाठी ठीक आहे, पण तिच्यात कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो.

ज्यांच्याकडं लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे त्यांनी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्यावी (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो). ती इतर लेन्सच्या मानानं स्वस्त असते आणि अंधाऱ्या गोठ्यातही चालते. साधनाचं एवढंच पुरे.

एक जागा ठरवा आणि पहिल्या दिवशी फोटो काढू नका

पार, पाणवठा, पिठाची गिरणी, घराची ओसरी, काहीही चालेल. मी नव्या माणसाला गोठा सुचवतो. तिथं एकाच बाजूनं, दारातून उजेड येतो. तिथली कामं ठरल्या वेळी होतात. आणि जनावरं फोटोसाठी हसत नाहीत.

पहिल्या दिवशी मोबाइल खिशात राहू द्या. वीसेक मिनिटं दाराशी नुसतं बसा. उजेडाचा पट्टा आधी गव्हाणीवर असतो, मग वासराच्या पाठीवर सरकतो, मग खालच्या ओल्या फरशीवर जाऊन चमकतो. भिंतीत खोचलेला विळा, खुंटीवरचं दावं, पेंडीची पाटी, पाटीच्या कडेला चोच मारणारी कोंबडी. धार सुरू होते तेव्हा रिकाम्या बादलीचा आवाज निराळा असतो आणि बादली भरत आली की निराळा. आवाज फोटोत येत नाही हे खरं, पण धार संपत आल्याचं त्यावरून कळतं आणि माणूस कधी उठणार हे आधी ओळखता येतं.

पुढचे सहा दिवस त्याच गोठ्यात वेगवेगळ्या वेळी जा: पहाटेच्या धारेला, सकाळी शेण काढताना, भर दुपारी, संध्याकाळी जनावरं परतताना. रोज दहाच फोटो. एका वहीत वेळ लिहा आणि उजेड कुठून येत होता ते लिहा. आठवड्याच्या शेवटी सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच म्हशीचे ते फोटो आहेत यावर विश्वास बसणार नाही.

गोठ्यात अंधार असल्यानं मोबाइल सावकाश फोटो घेतो, म्हणून हात हलला की फोटो हलतो. कोपरं पोटाशी टेकवा, खांदा दाराच्या चौकटीला लावा, श्वास सोडा आणि मग बटण दाबा. रवंथ करणाऱ्या गाईचं तोंड सारखं हलत असतं. पण एक घास गिळून झाला की दुसरा वर येईपर्यंत ती काही क्षण थांबते, आणि नवा घास मानेतून वर सरकताना दिसतोसुद्धा. त्या थांबण्यात फोटो घ्या.

उजेड कुठून येतोय

फोटो काढण्यातली निम्मी विद्या या प्रश्नात आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

आपल्याकडं जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि मेअखेर सहाच्या सुमारास. उगवल्यावरचा आणि मावळण्याआधीचा तासभर ऊन तिरपं आणि पिवळसर असतं. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी जणांच्या लक्षात येतं ते हे की आपल्याकडचा हिवाळा दिवसभर फोटोला चांगला. साताऱ्यात डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशच वर असतो, त्यामुळं बारा वाजताही माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तो माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावलीच उरत नाही. त्या उन्हात उघड्यावर माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळी भगदाडं दिसतात.

ऊन बाजूनं आलं की खडबडीतपणा दिसतो. सकाळी गोवऱ्यांच्या भिंतीसमोर उभे राहा. ऊन भिंतीला घासून जात असेल तर प्रत्येक गोवरीवर पाच बोटांचे ठसे उठून दिसतात. हात नीट बघितले तर कोणती गोवरी मोठ्या बाईनं थापली आणि कोणती तिच्या लेकीनं, तेही कळतं. दुपारी तीच भिंत नुसती तपकिरी असते.

ऊन समोरून, म्हणजे तुमच्या तोंडावर आणि वस्तूच्या पाठीवर पडत असेल, तर हवेत तरंगणारं सगळं पेटल्यासारखं दिसतं: गुरं परततानाची धूळ, चुलीचा धूर, सुपातून पडणारं धान्य, शेरडाच्या कानांवरची लव. अट एकच, मागं काहीतरी गडद हवं: झाडाची सावली, कौलारू घराची अंधारी बाजू. मागं पांढरं आभाळ असेल तर धूळ दिसणारच नाही. मळणी यंत्रं आली तरी घेवडा, हुलगा असलं थोडकं धान्य अजून बडवून वाऱ्यावर उपणलं जातं. कॅमेरा असेल तर शटर १/५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडं ठेवा, म्हणजे दाणे हवेत सुटे थांबतात. १/३० वर त्यांच्या रेघा होतात. मला रेघा आवडतात, कारण त्यात वारा दिसतो.

ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल तर सगळं सपाट, पण रंग अचूक. रांगोळी, रंगवलेलं दार, भिंतीवरचं चित्र याला हेच बरं. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट (जन्म १९३४) यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या खेड्यांत हिंडून रंगवलेल्या भिंती आणि अंगणं यांचे फोटो काढले. पुढच्या सणाला जे पुसलं जाणार होतं ते त्यांनी जपून ठेवलं. त्यांच्या कित्येक फोटोंत चित्राशेजारी घरातली बाई किंवा मूल दिसतं, आणि त्यामुळं चित्र केवढं आहे, कुणाच्या दारात आहे, हे सांगावं लागत नाही. तुमच्या आळीत दिवाळीला कोण रांगोळी काढतं ते आठवा आणि चित्रासोबत त्या बाईलाही विचारून घ्या.

आणि दुपारी काम सोडू नका. दुपारी उंबरठा गाठा. बाहेर सारवलेलं अंगण उन्हानं तापलेलं असतं, त्याचा उजेड परतून दारात येतो. माणूस दाराच्या आत हातभर अंतरावर, बाहेर तोंड करून बसला की चेहऱ्यावर मऊ उजेड आणि मागं माजघराचा काळोख. शहरात एवढ्या उजेडासाठी लोक स्टुडिओ भाड्यानं घेतात.

पावसाळ्यात ढग असले की वेळेचं बंधन उरत नाही. ओली माती, ओलं लाकूड, ओली कौलं यांचे रंग तेव्हा गडद होतात. खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली बाई बांधावरून चालत येते, तेव्हा आभाळ कमीत कमी घ्या. पांढरं आभाळ नजर ओढून घेतं आणि माणूस मागं पडतो.

बोट कुठं ठेवायचं

मोबाइलला वाटतं की जग ना फार काळं ना फार पांढरं. गावात दोन्ही शेजारी असतात: तात्यांची पांढरी टोपी आणि तिच्याखालचा रापलेला चेहरा. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि तसंच दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथं अडकून राहतात. मग शेजारी जी सूर्याची खूण येते ती हळूच खाली ओढा, टोपीच्या शिवणी दिसू लागेपर्यंत. चेहरा जरा गडद राहिला तर घरी उजळवता येतो. टोपी पांढरीफटक जळाली तर तिथं काहीच उरत नाही.

सुरुवातीला ही एकच सवय लावून घेतलीत तरी पहिल्या महिन्यातले फोटो बदलतील.

एक पाऊल डावीकडं

बटण दाबण्याआधी नजर माणसावरून काढून चौकटीच्या चारही कडांवरून फिरवा. डोक्यातून विजेचा खांब उगवलाय का? बैलाची शेपटी अर्धी कापली जातेय का? बहुतेक वेळा एक पाऊल बाजूला सरकलं की काम होतं. खाली बसलं तर त्याहून बरं. वासरू, लहान मूल, चुलीपुढची बाई, भुईवर निवडणं घेऊन बसलेली म्हातारी, यांचे फोटो आपण उभ्यानं काढतो आणि सगळ्यांची डोकीच येतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला या.

एक गोष्ट मात्र चौकटीबाहेर ढकलू नका, आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे. ट्रॅक्टर, निळा प्लास्टिकचा पिंप, पत्र्यावरची डिश, झाडाला टांगलेला चार्जिंगचा मोबाइल, हे गावच आहे. ते टाळून नुसती बैलगाडी आणि पितळी घागर शोधत हिंडलं की फोटोतलं गाव कुणाचंच राहत नाही. निळ्या पिंपावर पडलेलं संध्याकाळचं ऊन पितळेवर पडलेल्या उन्हाइतकंच सुंदर असतं, एकदा नीट बघा.

सणाचंही असंच. आषाढातल्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, सगळे मिरवणुकीचे फोटो काढतात. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. ज्या खांद्यावर वर्षभर जू असतं तो खांदा धनी तूप-हळद लावून चोळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात बैल धुतात, शिंगांना हिंगूळ लावतात. तिथं गर्दी नसते, घाई नसते. माणसाचा हात आणि जनावराचं कातडं एवढंच असतं. मिरवणूक चुकली तरी चालेल, पण खांदेमळणी चुकवू नका.

गुऱ्हाळावर एक सकाळ

गोठ्यात महिनाभर गेला की गुऱ्हाळावर जा. धूर, वाफ, आग, घाम आणि वेग सगळं एकाच छपराखाली मिळतं. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. आदल्या दिवशी जाऊन मालकाची आणि गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याची, परवानगी घ्या आणि पहिलं आधण, म्हणजे रसाची पहिली काहिल, कधी चढणार ते विचारून ठेवा.

कामाचा क्रम माहीत असला तर फोटो धावत पकडावे लागत नाहीत. चरकात ऊस जातो, रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत येतो, खाली चुलवणात वाळलेली चिपाडं जळत असतात. उकळी आली की रानभेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढतात. मग रस तांबूस होत जातो, बुडबुड्यांचा आकार बदलतो. गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. शेवटी काहिल उचलून वाफ्यात ओततात. सगळ्याला अडीच-तीन तास लागतात आणि ओतणं काही क्षणांत संपतं.

त्या ओतण्यासाठी आधी जागा ठरवा. माणसं कुठून कुठं जाणार ते गुळव्याला विचारा आणि त्या वाटेत चुकूनही उभे राहू नका. उकळता पाक अंगावर आला तर कातडी घेऊन जातो. छपराच्या फटीतून येणारं ऊन वाफेच्या पलीकडं राहील असे उभे राहा, म्हणजे वाफ उजळेल आणि माणसं तिच्यात अर्धी दिसतील. थंडीत बाहेरून आत आल्याबरोबर काचेवर दमट थर धरतो. तो पुसत बसू नका, पाच मिनिटं मोबाइल हातात गरम होऊ द्या.

गुळव्या पाक चाचपतो तो क्षण मला सगळ्यात आवडतो. आजूबाजूला आरडाओरडा असतो आणि त्याचं सगळं लक्ष दोन बोटांच्या चिमटीत असतं. चेहरा आणि चिमूट एकाच फोटोत घ्यायचा प्रयत्न करा. मला बऱ्याच फेऱ्यांनंतर एकदा जमलं.

माणसांना विचारून

विचारा. मालकाला विचारलं म्हणजे त्याच्या रानात भांगलणाऱ्या बाईला विचारलं असं होत नाही. तिलाच विचारा. मुलांचा फोटो असेल तर आईबापांना, आणि मुलाचा चेहरा व गावाचं नाव एकत्र कुठं टाकू नका. फोटोसाठी पैसे देऊ नका, प्रिंट द्या. होकार मिळाला की लगेच बटण दाबू नका, शेजारी बसून दोन गोष्टी बोला. दहा मिनिटांत माणूस कामाला लागतो आणि तुम्हाला विसरतो.

आमच्या आळीत एक आजी होत्या. भांगलणीत पात धरली की तरण्या पोरींच्या पुढं जायच्या. त्यांचा रानातला फोटो मला हवा होता. मी विचारलं, "आज्जी, फोटू काढू का तुमचा?" त्या म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलून येती." हिरवं इरकल नेसून, कुंकू नीट करून त्या ओसरीवर खुर्चीत ताठ बसल्या. मी तो फोटो मन न लावता काढला. नंतर एकदा परवानगीनं रानातलाही काढला: खुरपं, मातीनं भरलेले हात, वाकलेली पाठ, मागं पिवळं ऊन.

दोन्हींच्या प्रिंट घेऊन गेलो. पहिली त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावली. दुसरीकडं बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझी पाठ एवढी वाकलीया व्हय रं?" मग ती परत देत म्हणाल्या, "ह्यो कुणाला दावू नगंस." मी काढलेल्या फोटोंत तो सगळ्यात चांगला आहे असं मला आजही वाटतं. तो मी कुणाला दाखवलेला नाही. तेव्हापासून पद्धत ठरली: माणसाला हवा तसा फोटो आधी, मन लावून, आणि मग आपल्याला हवा तसा.

ऊसतोडीच्या वेळी हा प्रश्न आणखी अवघड होतो. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर आणि आणखी लांबून टोळ्या येतात, रानाच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या घालून राहतात. पहाटे धुक्यात त्या कोप्यांतून निघणारा धूर फार सुंदर दिसतो. पण कोपीला दार नसतं. पहाटे तिथं कॅमेरा घेऊन शिरणं म्हणजे कुणाच्या तरी न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात शिरणं आहे. आधी दुपारी जा, मुकादमाला नव्हे, त्या बायांनाच भेटा, आणि त्यांनी ये म्हटलं तर जा. फोटो दाखवाल तेव्हा धुक्याबद्दल लिहिण्याआधी काम लिहा: कुठून आले, किती वाजता उठतात, उचल (कामाआधी घेतलेले पैसे) किती घेतलीय हे त्यांनी सांगू दिलं तर तेही. अशा ओळी कशा लिहाव्यात हे शिकायचं असेल तर पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातले फोटो बघा. तो मराठीतही वाचता येतो. तिथं फोटोखाली माणसाचं नाव असतं आणि कामाचं वर्णन असतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री निवड करू नका, सगळेच फोटो चांगले वाटतात. दुसऱ्या दिवशी शंभरातले पाच ठेवा. स्नॅपसीडसारखं फुकट अॅप पुरतं: आडवी रेघ सरळ करा, सावल्या थोड्या उचला, कडेचं नको ते कापा. रंग वाढवायचा मोह टाळा. शाळूचं हिरवं निळसर असतं, घेवड्याचं पोपटी. रंगाची पट्टी पुढं ढकलली की दोन्ही एकच होतात आणि शेतकऱ्याला तो फोटो ओळखता येत नाही. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकुंचन पावतो. आणि मोबाइलखेरीज आणखी एका ठिकाणी प्रत ठेवा. मोबाइल विहिरीतही पडतात.

महिन्याला एकदा तालुक्याला गेलात की निवडलेल्यांच्या ४ × ६ इंची प्रिंट काढून आणा. मागं बारीक परमनंट मार्करनं नाव, काम आणि तारीख लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला उमटतं. एक प्रत त्या घरी द्यायची, एक आपल्या वहीत. देताना संध्याकाळच्या धारेआधी अर्धा तास पोचा, त्या वेळी सगळ्यांचे हात मोकळे असतात.